पाणथरीतलं पाणी

भूम,
२ सप्टेंबर २०२४

दादा,

आपल्या भुंग्याला आपण मेंढराची आतडी-काळीज कच्चीच टाकायचो ना? मला तसं आठवतं, पण मी लहान होते, चुकतही असेन. आणि तो आपल्या घोंगडीत येऊन झोपायचा, ते रोजचं होतं की फक्त थंडीतलं? एवढं मला नीट कळायला हवंय.

अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र यावं आणि त्यात मेलेल्या कुत्र्याची चौकशी असावी, हे तुला विचित्र वाटेल. फोन दोनदा करून पाहिला. माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. पत्राला आवाज नसतो, म्हणून लिहिते. तुझा पत्ता आमच्या डेपोतले ड्रायव्हर बजरंग भाऊ यांनी तामलवाडीच्या थांब्यावर विचारून आणला. त्यांनीच सांगितलं की तुझी मेंढरं अजून आहेत, दारात दोन कुत्री आहेत, आणि तुला नऊ वर्षांची मुलगी आहे, श्रिया नावाची.

का विचारते ते सांगते. गेल्या महिन्यात माझी ड्युटी धाराशिव–भूम गाडीवर होती. तेरखेड्याला गर्दी चढली. डोक्यावरचं गाठोडं सावरताना एका बाईचं कोपर माझ्या डाव्या कुशीत लागलं. जोराचं नव्हतं, गर्दीत लागतं तसंच. पण मी मधल्या वाटेत खाली बसले आणि मला उठताच येईना. बजरंग भाऊंनी गाडी बाजूला घेतली, पाणी पाजलं. म्हणाले, हे साधं न्हाय ताई, दाखवून या.

बार्शीला सोनोग्राफी केली. पाणथरी तुला माहीतच आहे. मेंढरू सोलताना डाव्या बाजूला जांभळ्या जिभेसारखी निघते ती. माणसालाही असते, बरगड्यांच्या आत, आणि तिला प्लीहा म्हणतात. माझ्या पाणथरीत मोसंबीएवढी पाण्याची गाठ आहे. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. मी विचारलं, ही आली कुठून? उत्तर द्यायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, "लहानपणी घरी मेंढरं होती का? कुत्री?"

मला फार नवल वाटलं. मी एसटीची वर्दी घालून गेले होते. मी कुणाची, कुठली, काहीच सांगितलं नव्हतं. तरी माझ्या पोटात बघून त्या माणसाला आपला मेंढवाडा दिसला.

आता सोलापूरच्या सर्जनकडं पाठवलंय. घाबरण्यासारखं नाही म्हणतात. आपल्यात जे झालं त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तू फक्त भुंग्याचं कळव. आबा बरे आहेत. त्यांना गाठीचं अजून सांगितलेलं नाही.

ज्ञानेश्वरी


भूम,
१७ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण आता विचारायचं कमी आणि सांगायचं जास्त आहे.

सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव शंभुलिंग बिराजदार. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं सावकाश. जाताना मी प्रश्न लिहून नेले होते. कागद हाताशी नव्हता म्हणून तिकीट मशीनच्या कोऱ्या रोलवर लिहिले. त्यांच्यापुढं तो रोल उलगडला तर टेबलावरून खाली लोंबायला लागला. त्यांना हसू आलं. पण त्यांनी बाहेरच्या दोन पेशंटना थांबायला सांगितलं आणि वरून खालपर्यंत एकेक उत्तर दिलं.

तर ऐक. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत राहतो, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांत बसून राहतात. मेंढरानं ते गवत खाल्लं की अंडी त्याच्या पोटात जातात आणि काळजात, फुप्फुसात पाण्याची पिशवी धरते. ते मेंढरू कापलं आणि ती पिशवी कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या पोटात पुन्हा जंत. असं हे चाक फिरत राहतं, मेंढरू आणि कुत्रा, कुत्रा आणि मेंढरू. माणसाचं त्यात काही काम नाही. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता भाकर खाल्ली की माणूस मध्येच सापडतो. बहुतेक वेळा गाठ काळजात म्हणजे यकृतात होते. पाणथरीत क्वचित. ती वर्षाला थोडी थोडी वाढते, दुखत नाही, आणि दहा-वीस वर्षं माणसाला पत्ता लागत नाही.

म्हणजे परकर घालून मी मेंढरांमागं पळत होते तेव्हापासून ही माझ्यात आहे. तिच्यासकट मी दहावी झाले, कंडक्टर झाले, रोज तिच्यावरच चामड्याची पिशवी लटकावून फिरले.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी लपवली. भुंग्याला आपण टाकायचो असं लिहिलं. आपण नाही, मीच टाकायची. जत्रेला मेंढरू कापलं की काळजावरच्या त्या पांढऱ्या पाण्याच्या पिशव्या काढून आबा माझ्या हातात द्यायचे आणि मी त्या भुंग्याच्या तोंडात लांबून नेम धरून टाकायची. त्या हवेत झेलताना तो कसा उडी मारायचा, आणि तू नेम मोजायचास. मला ते काम लई आवडायचं. डॉक्टरांना हे सांगताना माझे मलाच हात बघावेसे वाटले.

इलाज असा. आधी काही आठवडे जंताच्या गोळ्या, म्हणजे गाठीतला जीव मरगळतो. मग दुर्बिणीतून ऑपरेशन. पोट फाडायचं नाही, चार छोटी भोकं पाडायची. पाणथरी वाचवता आली तर वाचवायची, कारण काही जंतूंशी लढायला ती लागते. नाहीच वाचली तर काढावी लागेल, म्हणून लसी आधीच दिल्यात, दोन्ही दंडांत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तू, गौरा वहिनी आणि श्रिया, तिघं सोनोग्राफी करून घ्या. एकाच घोंगडीत तूही झोपलास आणि भुंग्याही. शिवाय तुझ्या दारात आजही कुत्री आहेत आणि श्रिया त्यांच्याशी खेळत असेल. तिला काही होत नसेल तरी कर. काही होत नाही हाच या गाठीचा स्वभाव आहे. कुत्र्यांना जनावरांच्या डॉक्टरकडून जंताचं औषध दे, आणि त्या पिशव्या यापुढं खोल पुरायच्या, नाही तर जाळायच्या.

माझ्यावरचा राग पोरीच्या आड येऊ देऊ नकोस.

ज्ञानेश्वरी


भूम,
९ ऑक्टोबर २०२४

दादा,

नवरात्र आहे. तुळजापूरला जादा गाड्या सोडल्यात आणि सगळा डेपो रस्त्यावर आहे. मला मात्र गाडीवर पाठवत नाहीत. डॉक्टरांनीच लिहून दिलंय, गर्दीत धक्का लागता कामा नये. चौकशीच्या खिडकीत बसून फलाट सांगते.

धक्का का लागू नये, हे मी त्यांना विचारलं तिथून पुढचं हे पत्र आहे. तू बसून वाच.

ते म्हणाले, गाठीतलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण शरीराला ते विषासारखं. मार लागून गाठ फुटली आणि ते पोटात सांडलं तर काही जणांच्या अंगावर मोठमोठ्या गांधी उठतात. भयंकर खाज सुटते. डोळे-ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब खाली जातो. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर तासा-दोन तासांत माणूस जातो. मी विचारलं, मार केवढा लागावा लागतो? ते म्हणाले, मोठी गाठ असेल तर किरकोळही पुरतो.

माझ्या हातात प्रश्नांचा रोल होता. पुढचा प्रश्न मला वाचताच येईना.

आई गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ मीच घातली होती. तिचे डोळे सुजून मिटले होते. हातांवर, गळ्यावर, पोटावर लाल वळ होते. एडक्यानं धडक दिली असं तू सांगत होतास, आणि अंगणातल्या बाया तुझं नाव घेऊन सांगत होत्या की भागवत आणि आई एडक्याचं दावं ओढत होते, भागवत ओरडत होता, मग आई पडली. मी ते वळ पाहिले आणि मला वाटलं, एडका असे वळ उठवत नाही. काठी उठवते.

म्हणून आईला तूच मारलंस, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. म्हणून तिरडीवरचा तुझा हात मी काढला.

ते वळ तिच्याच नखांचे होते का दादा? ती अंग खाजवत होती का? मी तुला कधी विचारलंच नाही. तू सांगायला लागलास की मी कान बंद करून घेत होते.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अकरा वर्षांनी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगता ते जुळतं. मग त्यांनी विचारलं, आईला पोटात गोळा लागत होता का? मला माहीत नव्हतं.

घरी आले आणि आबांना विचारलं. त्यांचं वय आता शहात्तर. डोळ्यांना कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. ते खाटेवर बसून वाती वळत होते, नवरात्राच्या. मी आधी माझ्या गाठीचं सांगितलं, मग आईचं विचारलं. त्यांचे हात थांबले. मी स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली. मग मागून आवाज आला.

"मला ठावं व्हतं."

मी वळले. ते म्हणाले, "तीन वर्सं व्हता तिला गोळा. डाव्या अंगाला, नारळाएवढा. रात्ची कुशीवर व्हता यायचं न्हाय. दवाखान्याचं नाव काढलं की म्हनायची, पोरीची शाळा-नोकरी हू दे, मग बघू. मीबी सोडून दिलं."

मी विचारलं, मग त्या दिवशी का नाही बोललात? दादाला सगळे नको ते बोलत होते, मी बोलत होते.

"लोकं म्हनली असती, ठावं व्हतं तर नेली का न्हाईस."

एवढंच बोलले. त्यांना बोल लावायला मला तोंड नव्हतं. त्यांनी अकरा वर्षं एक गोष्ट सांगितली नाही, आणि मी अकरा वर्षं एक गोष्ट विचारली नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, दुसऱ्याच्या गाठोड्यात काय आहे हेसुद्धा मी विचारते. तेवढं एकच विचारायचं राहिलं.

ज्ञानी


भूम,
२० ऑक्टोबर २०२४

दादा,

उद्या सोलापूरला भरती होते, परवा ऑपरेशन. आबा सोबत येतो म्हणत होते, त्यांना शेजारच्या आण्णासाहेबांकडं ठेवलंय. बजरंग भाऊंनी रजा टाकलीय, ते आणि त्यांची बायको येणार आहेत. एकटी नाही.

मागचं पत्र पोचलं असेल तर तुला राग आला असेल की आता डॉक्टरनं सांगितलं तेव्हा हिला पटलं. तो राग खरा आहे. मी त्यावर विचार केला. समजा, डॉक्टर म्हणाले असते की तुमच्या आईचं तसं नसणार, काही जुळत नाही. मग मी काय केलं असतं? तुला दोषी धरून राहिले असते? मी मला असं विचारलं आणि मला माझीच भीती वाटली. तू माझा भाऊ होतास. आईला उचलून अंगणातून घरात तू नेलंस, जीप बघायला फाट्यापर्यंत तू पळालास. हे तेव्हाही बायांनीच सांगितलं होतं. त्यातलं मी मला हवं तेवढं घेतलं.

माझं चुकलं. गाठ असो की नसो, माझं चुकलं. तुला आईला खांदा देऊ दिला नाही, हे मला परत फिरवता येत नाही. माफी कुठल्या तोंडानं मागावी हेही मला कळत नाही.

एक प्रश्न मात्र अजून आहे, आणि तो विचारल्याशिवाय मला टेबलावर झोपायचं नाही. तुझ्याकडं मोबाइल होता. आई पडली दहाला, गेली बाराला. मी धाराशिवला होते, तेव्हाचं उस्मानाबाद, कंडक्टरच्या परीक्षेला. माझा फोन पिशवीत चालू होता. तू मला दोन तास फोन का केला नाहीस? परीक्षा टाकून आले असते. पोचले नसते तरी आवाज ऐकला असता तिचा. इतकी वर्षं मला सगळ्यात जास्त सललं ते हे. तू मला मुद्दाम कळवलं नाहीस, असं मी धरून चालले.

हे मी आरोप म्हणून विचारत नाही. खरंच जाणून घ्यायचंय.

ज्ञानी


सोलापूर,
२७ ऑक्टोबर २०२४

दादा,

तू काल आलास तेव्हा मी जागी होते. डोळे मिटून पडले होते. बूट दाराबाहेर काढून तू आत आलास आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलास, ते पापण्यांच्या फटीतून पाहत होते. केस पिकलेत तुझे. मला भीती वाटत होती की डोळे उघडले तर तू जाशील. मग श्रियानं विचारलं, "ही आत्याच हाय का?" तेव्हा मला डोळे उघडावे लागले.

तू होतास तोवर माझं काही धड बोलून झालं नाही. तू भोकं किती पाडली विचारलंस, मी चार म्हटलं, मग एक-दोन प्रश्न विचारले, तेवढंच. म्हणून राहिलेलं लिहिते.

ऑपरेशनचं आधी, कारण ते मला सांगायचंच आहे. डॉक्टरांनी मला त्याचं चित्रीकरण दाखवलं. मी मागितलं म्हणून. म्हणाले, असं मागणारी तुम्ही पहिलीच. पोटात आधी हवा भरतात, तंबू ताणतात तसं पोट वर उचलतं, म्हणजे आत काम करायला जागा होते. त्या हवेमुळं नंतर खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, याचं मला अजून हसू येतं. एका भोकातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. पडद्यावर माझी पाणथरी दिसली. तशीच, मेंढराची असते तशीच जांभळी. आणि तिच्या एका टोकाला पांढरी गाठ, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी.

त्यांनी घाई केली नाही. गाठीभोवती मिठाच्या तीव्र पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या सगळीकडून दाबून बसवल्या, थेंबही बाहेर पडू नये म्हणून. भूल देणारे डॉक्टर इंजेक्शन भरून उभे होते, न जाणो गांधी उठल्या तर. मग सुई आत गेली आणि पाणी ओढून घेतलं. इतकं निर्मळ पाणी दादा, झऱ्याचं असावं तसं. मला वाटलं होतं घाण असेल. मग आत मिठाचं पाणी सोडलं आणि थांबले. पंधरा मिनिटं काही न करता नुसते थांबले. पुन्हा ओढून घेतलं. मग आतली पांढरी कातडी अलगद सोडवून एका पिशवीत घातली आणि भोकातून बाहेर काढली. गाठीचं छप्पर कापलं. पाणथरी जवळजवळ सगळी वाचली.

ते पाहताना मला सारखं वाटत होतं, आईलाही हे करता आलं असतं. चार भोकं आणि चार दिवस. तिनं पोरीची नोकरी हू दे म्हणून थांबवलं, आणि त्या पोरीला नोकरीतल्या सुट्टीवर ते मिळालं.

आता तू जे सांगितलंस ते. तू ते खिडकीकडं बघत सांगितलंस. मी ते जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे मला ते बदलता येणार नाही.

तू म्हणालास, "फोन काढला व्हता म्या. आईनंच हात धरला. म्हनली, ज्ञानीचा पेपर हाय. पेपर हून जाऊ दे, मग सांग."

मी विचारलं, मग मला हे तेव्हाच का नाही सांगितलंस?

तू म्हणालास, "त्याच पेपरावर तुला नोकरी लागली. तुला कळलं असतं तर तू गेली असतीस का गाडीवर?"

मी नसते गेले. हे तू मला बरोबर ओळखतोस. मी तुझा हात तिरडीवरून काढला आणि तू माझी नोकरी सांभाळून ठेवलीस. अंगावर सगळं घेऊन. मला काल रडू आलं नाही, आज सकाळी आलं, नर्स ड्रेसिंग बदलत असताना. तिला वाटलं टाका ओढला.

वळांचं मी विचारलं नाही, तू आपणहून सांगितलंस. अंग जळतंय म्हणत ती खाजवत होती आणि तू तिचे हात धरून ठेवत होतास. पुरे. यापुढं मला त्याबद्दल काही विचारायचं नाही.

मग श्रियाचा रिपोर्ट तू खिशातून काढलास. तुझं आणि वहिनीचं काही नाही, आणि पोरीच्या यकृतात लिंबाएवढी गाठ. डॉक्टरांशी तू बोलून गेल्यावर मी पुन्हा बोलले, कारण माझे प्रश्न उरले होते. लहान आहे, आत एकच कप्पा आहे, बहुतेक गोळ्यांवरच आटेल. दर महिन्याला सोनोग्राफी करायची. गोळ्या मध्ये सोडायच्या नाहीत आणि अधूनमधून रक्त तपासायचं. तिला झाडावर चढू देऊ नकोस, एडक्यांपासून लांब ठेव. कुत्र्यांना सोडून देऊ नकोस पण, त्यांची चूक नाही. औषध दे त्यांना.

ती जाताना मला विचारून गेली, आत्या, पोटातल्या पाण्यात मासा असतो का? तिला सांग, मासा नसतो. जे असतं ते पुढच्या वेळी मी तिला चित्र काढून दाखवीन. ही पोरगी प्रश्न विचारते. मला लई बरं वाटलं.

ज्ञानी


भूम,
८ डिसेंबर २०२४

दादा,

उद्यापासून मी पुन्हा गाडीवर. डॉक्टरांनी फिट लिहून दिलं. चार भोकांच्या जागी चार छोटे डाग राहिलेत. पिशवी आता उजव्या खांद्यावर घेते, सवय व्हायला वेळ लागेल.

श्रियाचं फोनवर कळलं, गाठ लिंबाची बोराएवढी झाली. तू फोन उचललास आणि ठेवला नाहीस. तरी हे पत्रच लिहिते, कारण हे आबांच्या समोर फोनवर बोलता येईना.

आबांना मी तुझ्याकडं जा म्हणाले नाही. त्यांनीच आठ दिवसांपूर्वी विचारलं, तामलवाडीला गाडी किती वाजता जाते. मी म्हटलं, दादाला सगळं कळलंय, मी पत्रात लिहिलंय. ते म्हणाले, "तू लिवलंस. म्या कुटं सांगितलंय?" मग म्हणाले, मी संगं आहे तोवर ते बोलू शकणार नाहीत. त्यांना एकट्यालाच तुझ्याशी बोलायचंय.

म्हणून असं ठरवलंय. येत्या रविवारी मला तुळजापूरमार्गे सोलापूर गाडी आहे. आबांना माझ्याच गाडीत पुढच्या सीटवर बसवीन. त्यांच्या वयाला तिकीट शून्याचं निघतं, पण ते हातात द्यावं लागतं. साधारण साडेअकराला तामलवाडी येईल. मी खाली उतरणार नाही. घंटी देऊन गाडी पुढं नेईन. सोलापूरला जाऊन परत त्याच थांब्यावर यायला मला तीन तास लागतात.

ते काय बोलतील मला माहीत नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत, नुसते बसतील. तू काय म्हणावंस हेही मी सांगणार नाही. तुला त्यांना माफ करावंसं वाटलं नाही तर करू नकोस. चहा मात्र दे, बिनसाखरेचा.

आणखी एक. थांबा रस्त्याच्या अलीकडं आहे आणि तुझं घर पलीकडं. चौपदरी रस्ता आहे, गाड्या जोरात येतात आणि आबांना लांबचं दिसत नाही. कुणालाही हात धरू देत नाहीत, मलाही नाही. रविवारी साडेअकराला तू थांब्यावर ये. तेवढा रस्ता त्यांना ओलांडून दे.

ज्ञानी